४६व्या दिवशी नोटीस पाठवावी की नाही? थकलेल्या बिलांबद्दल

वागळे_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. ठाण्यात वागळे इस्टेटला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक जुनी लेथ, मला धरून सात माणसं. बावीस वर्षं हेच करतोय. आज एक मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. बिलाची ४५ दिवसांची मुदत टळली की ४६व्या दिवशी व्याजासकट लेखी नोटीस गेलीच पाहिजे, पार्टी कितीही मोठी असो आणि कितीही जुनी असो.

कारण सांगतो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीला मी अकरा वर्षं फ्लँज आणि बुश असे मशीनचे सुटे भाग पुरवतोय. आधी पैसे महिन्याभरात यायचे, मग दोन महिने लागायला लागले. आता नऊ बिलं अडकलीत, सगळ्यात जुनं पाच महिन्यांचं. मूळ रक्कम साडेसहा लाख, त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी १ लाख १७ हजार, एकूण ७ लाख ६७ हजार. स्टीलच्या खरेदीवरचा कर वळता झाला, उरलेला मी बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट कर्जातून) कधीच भरून टाकला. पैसे हातात पडले का हे जीएसटीवाले विचारत नाहीत, ते बिलाचा महिना बघतात. म्हणजे न आलेल्या पैशांवरचा कर माझ्या खिशातून गेला आणि त्यावर बँकेचं व्याजही मीच भरतोय.

गेल्या गुरुवारी तिथे गेलो होतो. पेमेंटच्या चौकशीचा वार गुरुवार. गेटवर पास केला आणि अकाउंट्सच्या बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. शेजारी पावडर कोटिंगवाल्याचा एक पोरगा होता, विशीतला. मालकाने त्याला थेट बूथमधून उठवून पाठवलं असणार, कारण मनगटापर्यंत पिवळी पावडर तशीच होती आणि हातातल्या डिलिव्हरी चलनांवर त्याची पिवळी बोटं उमटली होती. आतून दोघांनाही एकच निरोप आला, "पुढच्या पेमेंट सायकलला टाकतो." तो पोरगा "हो साहेब" म्हणून निघून गेला. मीही तेच म्हणालो. रिक्षात बसल्यावर मला स्वतःचा संताप आला. मी काय उसने मागायला गेलो होतो का?

कायदा आपल्या बाजूने आहे. छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा, कलम १५. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायलाच हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ९० दिवस छापले म्हणून ते ९० होत नाहीत. कलम १६ प्रमाणे उशिरावर व्याज लागतं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा. माझ्या थकबाकीवर पहिल्याच महिन्याचे साडेदहा हजार होतात. एवढ्यात माझ्या हेल्परचा निम्म्याहून जास्त पगार निघतो. बावीस वर्षांत मी हे व्याज एकदाही मागितलेलं नाही. तुम्ही कोणी मागितलंय का?

पॅकिंग_तुर्भे

दादा, मी मागितलंय. म्हणूनच सांगते, घाई करू नका.

तुर्भ्याला माझा कोरूगेटेड बॉक्सचा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी एका पार्टीकडे चार लाख अडकले होते. वकिलाची नोटीस दिली, मग अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी कौन्सिलकडे अर्ज केला. चौदा महिन्यांनी पैसे आले, थोडंफार व्याजही आलं. कागदावर मी जिंकले. पण नोटीस पोचली त्याच आठवड्यात त्यांची पीओ बंद झाली, आणि ती पार्टी म्हणजे माझं जवळजवळ निम्मं काम होतं. स्टिचिंगवरच्या चार बायकांना मी घरी बसवलं. त्यातली एक माझ्याकडे नऊ वर्षं होती. तिला सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला कायद्याचं कलम काय सांगणार होते मी?

तुमची पार्टी अकरा वर्षांची आहे, ती अशी एका कागदावर घालवू नका. परचेसच्या माणसाला भेटा, त्याच्या वरच्याला भेटा, गरज पडली तर रोज फोन करा. नोटीस हा शेवटचा दरवाजा आहे. एकदा उघडलात की मागे फिरता येत नाही.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट

ताई, तुमचं दुःख कळतं, पण मी दादांच्याच बाजूचा. डिझेल पंपावर कोणी मला "पुढच्या सायकलला द्या" म्हणत नाही. टोलनाक्यावर म्हणत नाही. ड्रायव्हरच्या घरचं भाडं थांबत नाही. सगळे रोख घेतात आणि आपणच तेवढे उधार देतो. आपण गप्प बसतो म्हणून आपले पैसे सगळ्यात शेवटी निघतात.

सीए_नौपाडा

दोन्ही बाजूंचे व्यावसायिक माझे अशील आहेत, म्हणून आधी काही गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली गोष्ट, हा कायदा फक्त सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांच्या थकबाकीसाठी आहे, मध्यम उद्योगांसाठी नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल देण्याआधीची असलेली बरी. आधी माल, मग वाद आणि मग नोंदणी, असं केलं तर जुन्या बिलांना लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. वर्कशॉपवाले दादा, तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला आहे का? नसेल तर आजपासून छापा.

दुसरी, प्राप्तिकरातली ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद. कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. माझा अनुभव असा की नोटिशीपेक्षा या दोन मुद्द्यांवरचं साधं, नम्र पत्र जास्त काम करतं. ते परचेसला नाही, थेट फायनान्सला पाठवायचं.

प्रकरण सरकारी पोर्टलवरून कौन्सिलकडे गेलंच तर आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, ताईंनी सांगितलंच. पण निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान देण्याआधी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. ही अट फार मोलाची आहे.

आणि दरवर्षी ३१ मार्चला बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे बाकी मान्य असल्याच्या पत्रावर, सही-शिक्का घ्या. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. मुदत संपायच्या आत लेखी कबुली मिळाली तर ती नव्याने मोजली जाते. तोंडी "देतो, देतो"ची नोंद कुठेच होत नाही.

पॅकिंग_तुर्भे

सीए साहेब, त्या ४३बी(एच)चा आम्हाला आलेला अनुभवही ऐका. नियम आला तेव्हा एका पार्टीच्या माणसाने मला फोन करून सांगितलं, "ताई, तुमचं उद्यम सरेंडर करा, नाहीतर आम्ही दुसरीकडून बॉक्स घेऊ." मी नाही केलं. त्यांची ऑर्डर कमी झाली ती झालीच. कायदा दुबळ्यासाठी करतात, पण त्याचा उच्चार केला की दुबळ्यालाच बाजूला सारतात.

दाणाबंदर_वाशी

आमच्या व्यापाऱ्यांचं काय? एपीएमसीत माझा डाळी-कडधान्याचा गाळा आहे. वडील मसजिद बंदरला होते, बाजार वाशीला आला तसे आम्हीही आलो. आम्हाला उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या कर्जासाठी. हे ४५ दिवस आणि तिप्पट व्याज आमच्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांना नाही. तरी धंदा चाललाय, तो उधारी कुठे थांबवायची हे माहीत आहे म्हणून.

वडील म्हणायचे, उधारीचं पोतं सव्वा हात रितं. प्रत्येक गिऱ्हाईकाची मर्यादा वहीत पहिल्याच पानावर लिहिलेली असायची. जुनं बिल चुकतं झाल्याशिवाय नवी गोणी गाळ्याबाहेर जात नसे, मग तो सोयरा का असेना. दादा, राग मानू नका, पण पहिलं बिल थकल्यावर तुम्ही पुढची आठ बिलं कशी होऊ दिलीत? तुमच्या हातातली खरी नोटीस म्हणजे थांबवलेला माल.

आगाऊ तारखेचे चेक घ्यायचे, तेही बँकेत टाकायचे, कपाटात ठेवायचे नाहीत. चेक तीन महिन्यांत शिळा होतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, आणि तेही उलटले की महिन्याभरात तक्रार. यातली एक तारीख हुकली की तक्रार लंगडी पडते. माझी एकदा हुकली होती, दीड लाख गेले.

खरेदी_बाजू

मी महापेला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. इथे आम्हाला शिव्या पडतील, तरी लिहिते.

दादा, तुमच्यासारखी माणसं बाकावर बसतात तेव्हा आम्हालाही बरं वाटत नाही. पण थकलेल्या बिलांतली बरीचशी पैशांअभावी थांबलेली नसतात. स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलेला नसतो. चलनावर ४८० नग आणि बिलावर ५०० असतात. पीओची दुरुस्ती सिस्टिममध्ये चढलेली नसते. बिल "होल्ड"ला जातं आणि पुरवठादाराला कळवणं हे कोणाचंच काम नसतं. तो सहा महिने "पेमेंट कधी" विचारतो, आणि आम्ही "पुढच्या सायकलला" म्हणतो, कारण फोनवर असताना नऊ बिलं उघडून बघायला वेळ नसतो. हे चुकीचं आहे, मला मान्य आहे.

म्हणून "पेमेंट कधी" असं विचारूच नका. प्रत्येक बिलाचा क्रमांक देऊन विचारा, "जीआरएन झाला का? होल्ड आहे का? कारण काय?" आमच्याकडे शुक्रवारी पेमेंटची यादी निघते. बुधवारी ज्याचा असा मेल आलेला असतो, त्याची बिलं गुरुवारी उघडली जातात.

नोटीस आली की फाइल लीगलकडे जाते आणि मी इच्छा असूनही ते पेमेंट सोडू शकत नाही. म्हणून ताईंशी मी सहमत आहे.

वागळे_वर्कशॉप

काका, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पहिलं थकलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आमचा माल डाळीसारखा नाही हो. त्यांच्या ड्रॉइंगवर कापलेला बुश दुसऱ्या कोणाच्याच कामाचा नाही. माल थांबवला तर माझं रॅकवरचं स्टीलही अडकतं.

खरेदीताई, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. पण एक सांगा. जीआरएन तुमच्या स्टोअरने करायचा, चूक तुमच्या सिस्टिमची, आणि सहा महिन्यांचं व्याज माझं, हा कुठला न्याय? गेटवर शिक्का मारून माल घेतलात ना? पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाहीत तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो.

पॅकिंग_तुर्भे

ते ट्रेड्स म्हणतात ते काय आहे? आमच्या बँकेतला मुलगा सांगत होता.

सीए_नौपाडा

तो बिलांवर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहे. तुमचं बिल त्यावर चढतं, खरेदीदार ते मान्य करतो, मग बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला सूट वजा जाता पैसे लगेच मिळतात. पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. अडचण एवढीच की खरेदीदाराने बिल मान्य करायला हवं. म्हणून पुढची पीओ घेतानाच विचारा, थकल्यावर विचारून उपयोग नाही.

वागळे_वर्कशॉप

तीन आठवड्यांनी लिहितोय.

खरेदीताईंनी सांगितलं तसं केलं. बुधवारी नऊ बिलांचा मेल, प्रत्येकासमोर चलन क्रमांक आणि गेटच्या शिक्क्याची तारीख. रात्री बायकोबरोबर बसून चलनांच्या गुलाबी प्रती शोधल्या. दोन प्रतींवर कूलंट सांडून शिक्का पुसट झाला होता, त्या उजेडात धरून वाचल्या. सोबत फायनान्सच्या मॅनेजरला सीए साहेबांनी सुचवलेलं पत्र, कलमांसकट. व्याजाचा हिशोबही जोडला, मागणी म्हणून नाही, माहिती म्हणून.

शुक्रवारी फोन आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडून मला. तीन बिलांचा जीआरएन झालेलाच नव्हता, तो केला. चार बिलांचे पैसे जमा झाले. दोन अजून "रेट डिफरन्स"मध्ये, म्हणजे दरातल्या फरकावर, अडकलीत. व्याज एक रुपयाही नाही.

पॅकिंग_तुर्भे

बघा दादा! न भांडता झालं ना?

वागळे_वर्कशॉप

ताई, भांडण नाही झालं हे खरं. पण पत्रात कलम १६ नसतं तर तो फोन आला असता असं मला वाटत नाही. मी अकरा वर्षं नम्रच होतो. त्या दोन बिलांसाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो. नोटिशीचा मसुदा तयार करून ठेवलाय.

पॅकिंग_तुर्भे

पाठवायच्या आधी तुमच्या एकूण कामात त्या पार्टीचा वाटा किती, तेवढा हिशोब करा. मी तो नोटीस पाठवल्यानंतर केला होता.

वागळे_वर्कशॉप

काल केला. ३५ टक्के. रबाळ्याच्या एका नव्या पार्टीला सॅम्पल दिलेत, मंगळवारी कळेल.