बरड टेकडीवर गावरान जंगल परत आणायचंय: रोपं, टणटणी आणि रविवारची फेरी

गिरणाथडी

राम राम मंडळी. जळगावच्या कडेला मुरमाड उताराची साधारण 5 एकर जागा आहे. काम करायची लेखी परवानगी हातात आहे. वर थोडा पळस, दोन-चार सलई, मधेमधे काटेरी झुडपं. बाकी सगळी टणटणी (घाणेरी) आणि सुबाभूळ. दर रविवारी सकाळी 2 तास द्यायला 20 जण तयार आहेत. जूनमध्ये 500 रोपं लावायची म्हणतोय (वड, पिंपळ, निंब, करंज) आणि सोबत लोकांसाठी निसर्गफेरीही सुरू करायची आहे. सुरुवात कुठून करावी? टणटणी दरवर्षी कापतात आणि दरवर्षी दुप्पट फुटते, तिचं काय करायचं?

अंजनपान

भाऊ, 500 चा आकडा आधी सोडा. पाण्याचा हिशोब मांडून बघा. एका रोपाला 15 दिवसांतून एकदा 10 लिटर धरलं, तर 100 रोपांना एका फेरीत 1,000 लिटर लागतं, म्हणजे 20 लिटरचे 50 कॅन उतार चढवायचे. नोव्हेंबर ते मध्य जून अशा 15 फेऱ्या होतात. हे फक्त 100 रोपांचं झालं. 500 ला तुमचे 20 जण मार्चमध्येच थकतील आणि एप्रिल-मेच्या उन्हात रोपं जातील. लावायचीच असतील तर पहिल्या वर्षी 60-70 पुरे.

वड-पिंपळ खाली नाल्याच्या कडेला, करंजही तिथेच. मुरमाच्या उतारावर अंजन, सलई, धावडा, खैर, हिवर, पळस, मोई, बेल, आपटा ही आपल्याकडची झाडं. पाऊस 600-700 मिलिमीटर आणि उन्हाळा 45 अंशांचा, हे गणित त्यांना पाठ आहे.

रोपवाटिकेत ‘अंजन’ मागताना जपून. सह्याद्रीतल्या अंजनीलाही काही जण अंजनच म्हणतात आणि तेच रोप हातात पडतं. ते सदाहरित रानातलं झाड, इथं टिकत नाही. पान बघून घ्या. आपल्या अंजनाला एका देठावर दोनच पर्णिका असतात, आपट्याचं पान मधोमध चिरून दोन फाकी केल्यासारख्या. अंजनीला पर्णिकांची अशी जोडी नसते, साधं, जाड, चकचकीत पान असतं.

खरं तर अंजन रोपापेक्षा बियांनी लावलेलं बरं. त्याचं सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जातं, पिशवीत ते तळाशी वळतं आणि असं झाड जमिनीत गेल्यावर नुसतं उभं राहतं, वाढत नाही. शेंगा एप्रिल-मेमध्ये वाळून पडतात, शेंग चपटी, पंखासारखी, आणि टोकाला एकच बी. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-चोपड्याकडे ही झाडं भरपूर आहेत, पण वनक्षेत्रातून बी आणायचं तर वनविभागाला विचारूनच. बी त्याच वर्षी वापरा. दरवर्षी सारखं येत नाही, म्हणून ज्या साली झाड लगडेल त्या साली जास्त जमवा.

पेरणी पहिल्या सरीला नको. मुरूम वीतभर ओला झाला की करा, नाहीतर बी उगवतं आणि पावसाच्या खंडात करपतं. पहारीने फूटभर खोल माती सैल करायची, बी रात्रभर भिजवून एका जागी 3 बिया, बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोलीवर. वरून बोरीची काटेरी फांदी. ती शेळ्यांपासून वाचवते आणि दुपारी थोडी सावलीही देते. दोन वर्षं रोप जेमतेम वीतभर दिसेल, तेव्हा मेलं समजून उपटू नका. सगळी वाढ खाली चाललेली असते.

लळिंगवाट

टणटणीचं मी सांगते. वरून कापली की ती फुटणारच, कारण खोड आणि मूळ जिथं जुळतं तिथून तिचे फुटवे निघतात. कोयत्याने आधी फांद्या आवरून घ्या, मग कुदळीने बुडाशी माती बाजूला करा आणि मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडा. झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, तिथंच वाळू द्या. सरळ टाकलं तर ओल्या मातीला टेकलेल्या फांदीला पुन्हा मुळं फुटतात. जुलै-ऑगस्ट उत्तम: जमीन मऊ असते आणि फळं धरायच्या आधी काम होतं. पण त्याच दिवसांत पाखरांची घरटी असतात, म्हणून झुडपाला हात लावण्याआधी आत वाकून बघा. घरटं दिसलं की ते झुडूप सोडायचं.

सगळी एकदम काढू नका. 20 × 20 मीटरचा एक तुकडा घ्या, तो पुरता साफ करा आणि मगच पुढचा. मोकळ्या झालेल्या मातीत आठवड्याभरात गवताचं बी फेका: पवन्या, मारवेल, डोंगरी. जमीन उघडी राहिली तर तिथं गाजरगवत येतं. पुढचे दोन पावसाळे त्याच तुकड्यात टणटणीची कोवळी रोपं हाताने उपटावी लागतात. पाखरं वरच्या झाडावर बसून बी टाकतात, त्यामुळे झाडाखालची जागा आधी तपासा. हे दुसरं-तिसरं वर्ष चुकतं म्हणूनच ‘दुप्पट फुटते’.

सुबाभळीची गुडघ्याएवढी रोपं पावसात मुळासकट येतात. मोठी झाडं पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय तोडू नका. तोडल्यावरही वर्षभर दर महिन्याला बुंध्याचे कोंब मोडावे लागतात.

आणि एक कळकळीची विनंती. वेडी बाभूळ समजून लोक हिवर तोडतात. वेड्या बाभळीचा फुलोरा बोटासारखा लांबट आणि शेंगा पिवळट, गोडसर. हिवराला पावसाळ्यात दुधाळ रंगाचे गोल गोंडे येतात, साल फिकट पांढुरकी. फूल नसेल तर त्या झाडाला हातच लावू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा. तुमच्या ‘काटेरी झुडपां’त हिवर, खैर आणि हिंगण निघायची दाट शक्यता आहे.

गिरणाथडी

फार मोलाचं सांगितलंत ताई, भाऊ. म्हणजे जूनपर्यंत काहीच करायचं नाही का? आणि सीडबॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे)? शाळेची मुलं 2,000 करून द्यायला तयार आहेत.

अंजनपान

सीडबॉल कडक मुरमावर वरच राहतो. बी उगवतं, पण मूळ आत शिरायच्या आधीच गोळा सुकतो. मुलांना बिया ओळखायला आणि पहारीच्या खड्ड्यात पेरायला शिकवा, कष्ट तेवढेच आहेत.

जूनपर्यंत भरपूर काम आहे, आणि तुमची फेरी त्यातच बसते. पहिले 4 रविवार नुसते चाला आणि जुने बुंधे शोधा. शेळ्यांनी खाल्लेला, कापलेला पळस किंवा धावडा वर घोट्याएवढा दिसतो, पण खाली मूळ अनेक वर्षांचं असतं. पळस ओळखायला सोपा: तीन पानं, मधलं सगळ्यांत मोठं, हाताला चामड्यासारखं लागतं. अशा प्रत्येक बुंध्याला सुती चिंधी बांधा. मग त्यातले 2 सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने तिरके छाटा आणि भोवती बोरीचे काटे रचा. एकदाही पाणी न घालता ही झाडं तुमच्या लावलेल्या रोपांच्या पुढे जातील. 5 एकरात असे 100 बुंधे मिळाले तर निम्मं जंगल आधीच उभं आहे.

पाडसावली

फेरीबद्दल थोडं. 15 पेक्षा जास्त माणसं नकोत, मागच्यांना ऐकू येत नाही आणि ते पायवाट सोडतात. एक जण पुढे, एक सगळ्यांत मागे. मार्च ते जून सकाळी सव्वासहाला निघा, आठच्या आत परत. दीड किलोमीटर आणि 8 थांबे पुरतात. पायात बूट, अंगभर कपडे. दिवाळीच्या आसपास कुसळ मोज्यात शिरतं, तेव्हा जाड पँटच हवी. दगड कुणी उलटायचे नाहीत, खाली विंचू आणि फुरसं असतं. सर्पदंशाचं औषध असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे दोघांना तरी माहीत असावं.

सलईपाशी थांबा. साल कागदासारखी सुटते, गळून पडलेलं पान चुरगाळलं की धुपाचा वास येतो. खोडाला मात्र चिरा द्यायच्या नाहीत, आणि झाडांवर नावाच्या पाट्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत. चिंध्या बांधलेले बुंधे याच वाटेवर ठेवा. दर महिन्याला तोच बुंधा दाखवला की लोक फुटवा मोजायला आपणहून येतात, आणि कुठं शेळ्या शिरल्या, कुठं काटे सरकले तेही त्यांनाच आधी दिसतं.

गवत वाळलं की डिसेंबरातच कडेने 3 मीटर रुंद पट्टा कापून घ्या. फेब्रुवारीत वणवा आला तर तोच अडवतो.