मदत हवी आहे: एल्ब्रुस (दक्षिण मार्ग) – मे की ऑगस्ट? रॅट्रॅक (बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी) घ्यावा का?

कातळवाट:
नमस्कार मंडळी. पुण्याहून आम्ही चौघे रशियातल्या एल्ब्रुसच्या पश्चिम शिखरावर (5642 मी.) जायचं ठरवतोय. चौघांचाही गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, पण बर्फावरचा सराव तेवढाच. सह्याद्रीत नियमित भटकंती असते. दोघांना स्कीइंगही करायचंय, म्हणून मेचा पहिला आठवडा डोक्यात आहे. रॅट्रॅकने 5000 मीटरपर्यंत गेलं तर चालतं का? आणि किती दिवस हाताशी ठेवावेत?

हिमरेषा:
चढाई आणि स्कीइंग एकाच फेरीत बसवू नका. हिवाळ्यातल्या वाऱ्याने पास्तुखोव खडकांच्या वरचा (साधारण 4700 मी.) भुसभुशीत बर्फ उडून जातो आणि खाली काचेसारखा कडक बर्फ उरतो. मेमध्येही तो असू शकतो. तिथे पाय घसरला की आईस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) रुतत नाही, माणूस थेट खाली जातो. बेसिक कोर्समध्ये सेल्फ-अरेस्ट (घसरताना अ‍ॅक्स रुतवून स्वतःला थांबवणं) मऊ बर्फावर शिकवतात, तो इथे कामाचा नाही. तुमच्या अनुभवाला जुलै ते मध्य ऑगस्ट योग्य.

दिवस असे धरा. पहिला दिवस पायथ्याच्या तेरस्कोल किंवा अझाऊत (2350 मी.). दुसऱ्या दिवशी शेजारच्या चेगेत डोंगराच्या बाजूला 3000 मीटरच्या वर चालून परत खाली झोपायला. तिसऱ्या दिवशी केबल कारने तिच्या वरच्या स्थानकावर, गराबाशीला (3847 मी.) मुक्काम. चौथ्या दिवशी पायी पास्तुखोव खडकांपर्यंत आणि परत. पाचवा दिवस विश्रांतीचा, त्यात क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे पोलादी दाते) घालून चालणं आणि सेल्फ-अरेस्ट पुन्हा घोटून घ्या. सहावा शिखराचा. त्यानंतर दोन दिवस हवामानासाठी राखीव हवेतच. ते कापून विमानाचं तिकीट काढणारे लोक खराब हवेत वर निघतात.

रॅट्रॅक घ्या, पण खडकांपर्यंत आधी स्वतःच्या पायाने जाऊन आल्यावरच. गराबाशीपासून शिखर सुमारे 1800 मीटर चढाचं आहे, 5000 पासून साडेसहाशेच्या आसपास. आकडा मोहात पाडतो. मात्र गाडीत गारठून बसलेलं शरीर थोड्याच वेळात त्या उंचीवर पोचतं आणि थांबल्याथांबल्या पाय बधिर झालेले असतात. शिवाय उतरताना गाडी मिळेलच असं नाही, तेव्हा 1800 मीटर उतरायची ताकद पायांत शिल्लक हवी.

सोंडाई:
वरच्या उत्तरात एक भर, कारण खरा धोका इथे आहे. एल्ब्रुस ज्वालामुखीचा शंकू आहे. आपल्याकडे ढग उतरले तरी धार किंवा सोंड सापडते, घळीवरून अंदाज येतो. इथे सगळीकडे सारखाच गोल पांढरा उतार. पूर्व शिखराच्या (5621 मी.) पोटातून दोन शिखरांमधल्या खिंडीकडे जाणारा लांब ट्रॅव्हर्स (उताराला आडवी वाट) आहे, त्यावर ढगात लोक नकळत उताराकडे सरकतात. खाली हिमभेगा आहेत. म्हणून जाताना जीपीएसवर ट्रॅक नोंदवा, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा (थंडीत बॅटरी झटक्यात बसते), आणि झेंड्यांच्या काठ्यांची ओळ सोडू नका. पुढची काठी दिसत नसेल तर एकाने मागच्या काठीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने रोप बांधून पुढची शोधायची.

खिंडीत बसू नका. सगळ्यांना तिथेच बसावंसं वाटतं आणि मग उठवत नाही. खिंडीच्या वरचा चढ तीव्र आहे. तिथे बहुधा फिक्स रोप (कायम बांधून ठेवलेला दोर) असतो, त्यात कॅराबिनर (हार्नेसची कडी) अडकवा, पण जुन्या रोपवर अंग टाकू नका. पहाटे दोनच्या सुमारास निघा आणि दुपारी बाराला, कुठेही असलात तरी, मागे वळा. सप्टेंबर 2021 मध्ये इथे हिमवादळात पाच गिर्यारोहक दगावले. हवा बिघडायला इथे फार वेळ लागत नाही.

कातळवाट:
मनापासून आभार. मे रद्द, जुलैअखेर धरतो. बूट तिथे भाड्याने घ्यावेत का? आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी)?

हिमरेषा:
बूट आणि क्रॅम्पॉन अझाऊ-तेरस्कोलमध्ये भाड्याने मिळतात. डबल बूटच (आत वेगळा उबदार बूट असलेले) घ्या, जाड मोजे घालून बघा. पुढच्या बोटांना हलायला जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. क्रॅम्पॉन बुटाला बसवून पट्टा न लावता बूट हलवा. क्रॅम्पॉन निखळला तर तो जोड बदलून मागा. खाली प्लास्टिकची अँटी-बॉलिंग प्लेट आहे का बघा. ती नसेल तर दुपारच्या ओल्या बर्फाचे गोळे चिकटतात, दातेच टेकत नाहीत. उतरताना लोक पडतात ते बरेचदा यामुळे.

हायड्रेशन बॅगची (नळीने प्यायची पाण्याची पिशवी) नळी गोठते. एक लिटरचे दोन थर्मास न्या. बोटांच्या हातमोज्यांवर मिटन (बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे), आणि ते मनगटाला दोरीने बांधलेले. वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही.

डायमॉक्स साधारणपणे 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, पण आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. आणि निघण्याआधी घरी असतानाच घेऊन बघा. डोकेदुखीसोबत तोल जायला लागला तर गोळीने भागत नाही, लगेच खाली आणायचं.

निळेपाणी:
पैशांचं राहिलं. 2022 पासून रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख डॉलर किंवा युरो न्या. विमान मिनेराल्निये वोदीला (जवळचं विमानतळाचं शहर), तिथून अझाऊ काही तासांच्या गाडीचं. विमा घेताना 6000 मीटरपर्यंतची चढाई आणि बचावकार्य धरलंय हे लेखी घ्या. साध्या प्रवास विम्यात ते नसतं.

स्कीइंगवाल्या दोघांनी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेगळं जावं. गराबाशी ते अझाऊ जवळजवळ 1500 मीटरचा उतार मिळतो. वरच्या टप्प्यात आखलेली पट्टी सोडायची नाही, बाजूला हिमनदी आहे आणि भेगा ताज्या बर्फाखाली दिसत नाहीत. चेगेतचे उतार तीव्र आणि उंचवट्यांचे आहेत, नवख्यांनी तिथे स्की लावू नयेत.