डिझेल गाडी ओढत नाही? म्हणे थ्रॉटल साफ करा!

मोजपट्टी
काल येथे एका सदस्याने छातीठोकपणे लिहिले की, डिझेल गाडी चढावर ओढत नसेल तर डोळे झाकून थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यावी. खाली दुजोरा देणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर उत्तर देणे भाग पडले. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप आत जाणारी हवा रोखते आणि ताकद त्यावर ठरते. डिझेलमध्ये ताकद ठरते ती फवारल्या जाणाऱ्या इंधनाच्या मात्रेवर. पायाखालचे पेडल म्हणजे ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) केलेला निव्वळ अर्ज असतो. टर्बोचा (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याचा) दाब, रेल प्रेशर (इंधनाचा दाब) आणि आत येणाऱ्या हवेचे प्रमाण पाहून तो किती मंजूर करायचा हे ईसीयू ठरवते. ज्या डिझेल गाड्यांत झडप असते, त्यांतही ती एरवी उघडीच राहते. ईजीआरमधून (वापरलेला धूर परत इंजिनात सोडणाऱ्या मार्गातून) धूर आत ओढला जावा, डीपीएफमधील (धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीतील) काजळी जाळताना एक्झॉस्ट तापावा आणि चावी बंद केल्यावर इंजिनाने हिसका देऊ नये, एवढ्यापुरतीच ती मिटते. मग ताकद कमी झाली की पहिला हात तिलाच का घालायचा?

आधी पेडलचा सेन्सर पाहावा. त्यात दोन स्वतंत्र ट्रॅक असतात आणि बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचे व्होल्टेज पहिल्याच्या निम्मे असते. हे प्रमाण बिघडले की पी२१३८ हा बिघाडाचा कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कापून जेमतेम चालण्याच्या अवस्थेत) जाते. पी०२९९ असेल तर टर्बोचा दाब कमी पडतो आहे. इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप, क्लॅम्प आणि व्हॅक्यूमची नळी तपासावी. कोड काहीच नसेल, तर डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला हे आठवावे.

तेरा_नंबरचा_पाना
मोजपट्टीराव, आपले लिखाण वाचून ज्ञानात भर पडली, परंतु आपले हात कधी काळे झाले असतील असे वाटत नाही. शहरात पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा इनटेक (इंजिनात हवा जाण्याचा मार्ग) उघडून पाहा. ईजीआरची काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन डांबरासारखा थर बसतो; त्यात झडप अर्धवट मिटलेल्या स्थितीत अडकली, की हवा कमी पडते, गाडी काळा धूर ओकते आणि चढावर जीव सोडते. आपल्या अर्जाला मंजुरी मिळूनही उपयोग काय, हवाच नसेल तर?

आणि एक गोष्ट येथे कोणी लिहीत नाही. गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देते, साफसफाईचे देते, पण तासभर वायरिंग तपासल्याचे तीनशे रुपये मागितले की त्याला लूट वाटते. मग गॅरेजवाल्याने थ्रॉटलच साफ करायचा, दुसरे काय?

घाटमाथा
मला दोघांचेही पटत नाही, कारण माझ्या गाडीत दोष या दोन्ही ठिकाणी नव्हता. वरंध घाटात गाडी मध्येच ताकद सोडायची आणि सपाटीवर आपोआप सुधारायची. एका नावाजलेल्या सेवा केंद्राने आधी थ्रॉटल साफ केला, मग पेडलचा अख्खा संच बदलला, आणि शेवटी ईसीयू बदलण्याचा सल्ला दिला. पुढे एका टपरीवर मागच्या ट्रकचा चालक खाली उतरून मलाच झापू लागला की, चढावर ब्रेक दाबून गाडी का चालवता, तुमचे मागचे दिवे विझतच नाहीत. दोष ब्रेकच्या स्विचमध्ये निघाला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसले, की ईसीयू इंधन कापते. काहीशे रुपयांचा स्विच तो!

निळा_धूर
एवढी चर्चा कशासाठी, हेच मला कळत नाही. मी ईजीआरला पत्र्याची चकती बसवून तो कायमचा बंद केला आहे. काजळी नाही, डांबर नाही, पीयूसीतही गाडी दर वेळी पास होते.

चौकातली_खिडकी
पास होणारच, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत केवळ धुराचा दाटपणा मोजतात. ईजीआर बंद केल्यावर ज्वलनाचे तापमान वाढते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या यंत्रालाही कळत नाहीत. सिग्नलवर माझ्या घराच्या खिडकीखाली उभे राहून आपण जे सोडता, ते आम्ही घरात बसून घेतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही.

निळा_धूर
बाई, आपल्या खिडकीखालून दिवसभर टँकर आणि डंपर जातात, त्यांना हे कलम वाचून दाखवा. एका जुन्या हॅचबॅकमुळे शहराची हवा बिघडते, हे ऐकून करमणूक झाली.

चौकातली_खिडकी
प्रत्येक जण "माझी एकच गाडी" असेच म्हणतो, म्हणून तर खिडकी बंद ठेवावी लागते. करमणूक चालू द्या.

तेरा_नंबरचा_पाना
निळ्या धुराला कायदा नको असेल तर हिशेब सांगतो. २०२० नंतरच्या बीएस६ गाडीत हा उद्योग करू नका. ईजीआर उघडला की बाहेरून येणारी हवा कमी व्हायला हवी, हे ईसीयू एअरफ्लो सेन्सरवरून ताडून पाहते. ती कमी झाली नाही की पी०४०१ येतो, इंजिनाचा दिवा लागतो आणि कित्येक गाड्या ताकद कापतात. मग तेच मालक माझ्याकडे येऊन सांगतात की, थ्रॉटलचा प्रॉब्लेम आहे. चकतीबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

शंकेखोर
माझ्या गाडीचे पेडल दाबले तर कधी प्रतिसाद येतो, कधी येत नाही. मी घरीच इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये कार्ब क्लीनर फवारावा असे एका चित्रफितीत पाहिले. चालेल का?

मोजपट्टी
कृपा करून तसे करू नका! तो फवारा डिझेल इंजिनासाठी इंधनच ठरतो, आणि त्यावर ईसीयूचा ताबा नसल्याने इंजिन बेफाम फिरू शकते. सुटलेला काजळीचा खडा आत गेला तर ते नुकसान वेगळेच. झडप बोटाने ढकलूनही पाहू नका, आतील प्लॅस्टिकचे दातेरी चाक मोडते. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, ईएलएम ३२७ (इंजिनाची आकडेवारी फोनवर दाखवणारे छोटे यंत्र) जोडून फोनवर पेडलच्या डी आणि ई या दोन्ही रेषा, म्हणजे सेन्सरच्या दोन ट्रॅकचे आलेख, लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. रेषा सलग चढायला हव्यात. एखाद्या जागी त्या दचकल्या, तर पेडल तेथेच धरून दुसऱ्या हाताने वरचा कनेक्टर हलवा. हलवताच रेषा नाचू लागली तर दोष पिनांत किंवा वायरीत आहे; न हलवताही त्याच जागी खड्डा पडत असेल तर सेन्सरचा ट्रॅक झिजला आहे.

तेरा_नंबरचा_पाना
हे मात्र बरोबर सांगितले. पुस्तकातही कधीकधी खरे छापतात म्हणायचे. शंकेखोर, वायरीचे प्लॅस्टिक उंदराने कुरतडले आहे का तेही पाहा, पावसाळ्यात माझ्याकडे निम्म्या तक्रारी त्याच येतात. आणि दोन्ही रेषा स्वच्छ निघाल्या तर गाडी घेऊन या, मी इनटेक उघडतो. मोजपट्टीरावांनाही आणा. तपासणीचे तीनशे मात्र आधी ठेवायचे, मग थ्रॉटल साफ निघो की घाण.