गवती चहाचं तेल एकत्र काढलं, तर शेतकऱ्यांत पैसे वाटायचे कसे?

लातूरला माझं घरगुती साबणाचं काम आहे. औसा तालुक्यातल्या चार शेतकऱ्यांकडून गवती चहाचं तेल थेट घेते. प्रत्येकाचा अर्धा-पाऊण एकर, वाण सगळ्यांचा सीमॅप या सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेचा 'कृष्णा'. एकट्याच्या कापणीत वाफेवर तेल काढायच्या भाड्याच्या युनिटची टाकी भरत नाही, म्हणून गवत एकत्र टाकतो आणि आलेलं तेल गवताच्या वजनावर वाटतो.

घोळ इथेच आहे. मागच्या कापणीला एका मामांनी गवत दिवसभर सावलीत सुकवून आणलं, दुसऱ्यांनी सकाळी कापून दवासकट ट्रॉलीत भरलं. ओल्याचं वजन जास्त भरलं, पैसेही जास्त मिळाले. मामा काही बोलले नाहीत, पण मलाच ते पटलं नाही.

सगळ्यांनी एकाच दिवशी कापायचं ठरवून पाहिलं. ऊसतोडणीच्या हंगामात मजूरच मिळेनात. वेगवेगळी टाकी लावली तर अर्ध्या टाकीलाही सरपण जवळजवळ तेवढंच. सिट्रालची (तेलाला लिंबासारखा वास देणारा मुख्य घटक) तपासणी दर वेळी परवडत नाही, आणि ती करूनही एकत्र तेलात कोणाचं किती ते कळणार नाहीच. पैसे त्याच दिवशी रोख द्यावे लागतात. सेंद्रिय सर्टिफिकेटचा विषय सध्या नको, तो वेगळा आहे.

प्रत्येकाच्या गवताचा नमुना क्लेव्हेंजरवर (थोड्या नमुन्यातलं तेल काढून मोजायचं प्रयोगशाळेतलं काचेचं उपकरण) काढून, त्या तेलाच्या टक्क्यावर वाटणी कोणी केली आहे का? एका ट्रॉलीतून किती नमुने घेतले, आणि शेतकऱ्यांना तो हिशेब पटला का?