वळणात बाईकचा स्पीड जास्त झाला तर मागचा ब्रेक दाबून धरू नका
एकाने लिहिलंय की वळणात स्पीड जास्त वाटला की मागचा ब्रेक दाबून धरायचा, प्लीज असं करू नका, झुकलेल्या गाडीचं मागचं चाक लॉक झालं (फिरायचं थांबलं) की ते बाहेरच सरकतं, आणि १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नसतं. ठाण्याजवळच्या गायमुख घाटात समोर कंटेनर दिसला की नजर त्याच्यावरच खिळते आणि गाडीपण तिकडेच जाते, म्हणून मान वळवून वळण जिथे संपतंय तिकडे बघा आणि वळणाच्या आतल्या बाजूचं हँडल (डाव्या वळणात डावं) पुढे ढकला, गाडी अजून झुकते, कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरला आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच ग्रिप असते (खडी किंवा पाणी असेल तर नाही). अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात सोडू नका. थांबायचंच असेल आणि पुढे जागा असेल तर आधी गाडी सरळ करा, मग दोन्ही ब्रेक.