मदत हवी आहे : डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारा मराठी अक्षरतक्ता कसा मांडावा?

आठ महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना मेंदूच्या खोडातील पॉन्स या भागात स्ट्रोक झाला आणि तेव्हापासून ते लॉक्ड-इन अवस्थेत आहेत. ते पूर्ण शुद्धीत आहेत, त्यांना सर्व ऐकू येते व समजते. मात्र हातपाय, चेहरा आणि जीभ हलत नाही, डोळे केवळ वर-खाली होतात व पापण्या मिटतात. गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची आणि पोटात अन्नाची नळी असल्याने ऐरोलीतील घराबाहेर त्यांना वारंवार नेणे शक्य नाही.

वर पाहिले की 'हो', खाली पाहिले की 'नाही', एवढे उत्तम जमले आहे. त्यापुढे मी वर्णमालेचा तक्ता केला, ज्यात आधी ओळ विचारायची व मग अक्षर. परंतु मात्रा आणि जोडाक्षरांपाशी सगळे अडते. 'उद्या' हा एक शब्द पुरा होण्याआधीच त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ते दमले की माझ्यावर चिडले, हे विचारायलाही मी कचरले. नजरेने चालणारे यंत्र वापरून पाहिले, पण डोळे आडवे फिरत नसल्यामुळे ते जुळवता आले नाही. रोमन अक्षरांतले मराठी बाबांना वाचवत नाही, म्हणून कृपया तो पर्याय सुचवू नये.

ज्यांनी असा देवनागरी तक्ता प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी अक्षरे वर्णक्रमाने ठेवली की वापराच्या प्रमाणात, आणि जोडाक्षरासाठी पाय मोडण्याच्या खुणेला वेगळे घर दिले का? तसेच ठाणे-नवी मुंबईत घरी येऊन हे शिकवणारे स्पीच थेरपिस्ट कोणाच्या अनुभवात आहेत का?