मालवण जेटीवर एईडी टिकेल का?

जेटीकर: स्कूबाच्या पर्यटकांसाठी जेटीवर एईडी, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यावर शॉक देणारं यंत्र, ठेवायचाय. खाऱ्या हवेत टिकेल?

यंत्रवाला: बंद पेटीत टिकेल, कुलूप मात्र नको. बहुतेक यंत्रं 0 ते 50 अंश सेल्सिअसपर्यंतच चालतात. मे महिन्यात पत्र्याच्या टपरीत, छातीला चिकटवून शॉक देणाऱ्या पॅडचा जेल सुकतो. यंत्रावरचा हिरवा दिवा रोज बघा, पॅडची मुदत पेटीवर लिहा.

प्रथमोपचार: ओल्या माणसाची छाती पुसूनच पॅड लावा: एक उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. यंत्र येईपर्यंत 108 ला फोन आणि छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, 5-6 सेंमी खोल. दाबही नाही, शॉकही नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. मग जेटीपासून लांब, बाजारात ठेवलेलं यंत्र काय कामाचं!

जेटीकर: छातीवर दाट केस असले तर?

यंत्रवाला: पॅड नीट चिकटत नाही, म्हणून पेटीत रेझर टाका.